कॉलेजात श्रीलंकेवर दोनच पुस्तकं आहेत, मग प्रकल्प कसा करायचा?

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टी. वाय. बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थिनीने विचारलं आहे. थोडक्यात मांडते: "सरांनी प्रत्येकाला एकेक देश दिला, मला श्रीलंका आली. तीस पानी प्रकल्प, किमान दहा संदर्भ, त्यातली पाच छापील पुस्तकं हवीत. विकिपीडिया चालणार नाही म्हणाले. मुदत सहा आठवडे. कॉलेजच्या लायब्ररीत श्रीलंकेवर दोनच पुस्तकं निघाली, एक फार जुनं आणि एक स्पर्धा परीक्षेचं. एआयला विचारून दहा पुस्तकांची यादी काढली, तर त्यातली बरीच कुठेच सापडत नाहीत. पुण्याला जाऊन राहणं परवडणार नाही. काय करू?"

मी साताऱ्यात एकतीस वर्षं कॉलेजची ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दर वर्षी परीक्षेच्या आधी ओळखीतलं कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन दारात उभं असतं. देश तेवढा बदलतो. म्हणून जरा ऐसपैस सांगते. (विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करायची माझी जुनी खोड आहे, परकं वाटून घेऊ नका.)

पुस्तकं कमी आहेत असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळी आहे: तुमच्याकडे अजून प्रश्नच नाही. 'श्रीलंका' हे देशाचं नाव झालं, विषय नव्हे. काउंटरवर येऊन "मॅडम, श्रीलंका द्या" म्हणणं म्हणजे किराणा दुकानात जाऊन "स्वयंपाक द्या" म्हणण्यासारखं आहे. दुकानदार काय बांधून देणार? गूळ मागा, जिरे मागा, लगेच मिळेल. त्यातून तीस पानांत आख्खा देश बसवायला गेलात की राजधानी, लोकसंख्या, चहा, क्रिकेट, रामसेतू असं सगळं दोन-दोन ओळी येतं. असे शेकडो प्रकल्प मी बाइंडिंग होऊन कपाटात जाताना पाहिलेत. नंतर ते कुणी उघडलेले पाहिले नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. कॉलेजने इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट सेवा (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि शोधनिबंध ऑनलाइन देणारी) घेतली आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. असेल तर तुमचं अर्धं काम घरबसल्या होईल, नसेल तर छापील गोष्टींवर जास्त भर द्यावा लागेल. इंग्रजी वाचायची सवय कितपत आहे, हा दुसरा मुद्दा. या विषयावर मराठीत आहे, पण ते विखुरलेलं आहे. इंग्रजी टाळून दहा चांगले संदर्भ मिळवणं अवघड जाईल. आणि तिसरा मुद्दा तुमचे सर. देशाचा सर्वांगीण परिचयच हवा असा त्यांचा हट्ट असेल, तर पहिली सहा-सात पानं परिचयाला द्या आणि उरलेली एका प्रश्नाला. पण आधी त्यांना विचारा. माझा अनुभव असा, की विद्यार्थी नेमका प्रश्न घेऊन आला तर बहुतेक प्राध्यापक खूश होतात, कारण त्यांनाही तेच तेच तपासायचा कंटाळा आलेला असतो.

आता लायब्ररीत शिरू.

पहिला दिवस फक्त मराठी विश्वकोशाचा. तो आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झाला, आणि तरी साताऱ्याच्याच मुलांना तो कपाटात दिसत नाही याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे. वीस खंड आहेत, इंटरनेटवरही फुकट वाचता येतो. श्रीलंकेची नोंद उघडा. तिथून उतरवून काढायचं नाही. शेजारी वही ठेवायची आणि फक्त शब्द टिपायचे: माणसांची नावं, करारांची नावं, साल, पक्ष, ठिकाणं. छापील खंडात २०२२चं आर्थिक संकट मिळणार नाही, आणि ते मिळावं अशी अपेक्षाही नको. विश्वकोश हा नकाशा आहे. नकाशा बघून निघायचं असतं, त्याच्यावर मुक्काम करायचा नसतो.

या शब्दांच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'सिलोन'. २२ मे १९७२ला देशाचं नाव श्रीलंका झालं. त्याआधीचं सगळं, म्हणजे ४ फेब्रुवारी १९४८चं स्वातंत्र्य, १९५६चा फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा, १९६४चा शास्त्री-सिरिमाओ करार, हे 'सिलोन' या नावाखाली छापलेलं आहे. तुमच्या आजोबांना विचारा, ते रेडिओ सिलोनच म्हणतील, रेडिओ श्रीलंका नाही. संगणकावर फक्त 'श्रीलंका' टाइप केलंत तर देशाच्या पहिल्या चोवीस वर्षांतलं बरंचसं निसटेल. शिवाय मराठीत कुणी 'श्रीलंका' लिहितो, कुणी नुसतं 'लंका', कुणी 'सिंहलद्वीप', आणि इंग्रजी पुस्तकाची नोंद इंग्रजीतच केलेली असते. सगळी रूपं टाकून बघा.

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाला म्यानमारवर माहिती हवी होती. मी कार्डांचा खण चाळला आणि "आपल्याकडे काही नाही" म्हणून त्याला परत पाठवलं. महिनाभराने दुसरं काहीतरी शोधताना 'ब्रह्मदेश' या नावाखाली चार कार्डं हाताला लागली. तोवर त्याने प्रकल्प जमा केला होता. तेव्हापासून कुठल्याही देशाचं जुनं नाव विचारल्याशिवाय मी "नाही" हा शब्द उच्चारलेला नाही.

शब्द हाताशी आले की रॅककडे चला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची 'दोनच पुस्तकं' बहुधा इथेच चुकली आहेत. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तकं लावतात. या पद्धतीत आधी विषय आणि मग देश. श्रीलंकेचा इतिहास ९५४.९३ला बसतो. गंमत बघा, ९५४ हा भारताच्या इतिहासाचा आकडा, आणि त्याच्याच शेपटीला पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ लावलेत. कोलंबोतल्या माणसाला हे कितपत आवडत असेल, कोण जाणे. पण त्यामुळे होतं काय, की विद्यार्थी 'इतर देश' अशी पाटी शोधत हिंडतो आणि पुस्तक भारताच्या इतिहासाच्या रांगेत अगदी शेवटी, भिंतीलगत असतं.

हा झाला फक्त इतिहास. राजकारण ३२०.९५४९३ला, अर्थव्यवस्था ३३०.९५४९३ला, भारत-श्रीलंका संबंध ३२७.५४०५४९३ला. हा शेवटचा आकडा लांबलचक वाटतो, पण फोडून बघा: ३२७ म्हणजे परराष्ट्र संबंध, ५४ भारत, मध्ये जोडायला शून्य, आणि ५४९३ श्रीलंका. मागे हा '५४९३' दिसला की पुस्तक तुमचं. वांशिक प्रश्नाची पुस्तकं ३०५.८च्या आसपास, थेरवाद बौद्ध धर्म २९४.३मध्ये, चहाची लागवड शेतीच्या रांगेत ६३३.७ला. म्हणजे एकाच देशाची पुस्तकं निदान सहा रॅकवर पांगलेली. तुम्ही बहुधा एकाच रॅकसमोर उभ्या राहिलात. छोट्या कॉलेजात आकडा दशांशानंतर अर्ध्यावर तोडलेला असतो, म्हणून ३२७.५४पाशी उभं राहून भारताच्या परराष्ट्र धोरणाची रांग एक-एक पुस्तक काढून बघा. पुस्तकाच्या नावात श्रीलंका नसेल; अनुक्रमणिकेत बघा, मग शेवटच्या पानांवरची सूची बघा. भारताच्या परराष्ट्र धोरणावरच्या बहुतेक पुस्तकांत श्रीलंकेवर एक आख्खं प्रकरण असतंच. तुमच्या सरांनी पाच पुस्तकं सांगितली आहेत. पाचही पुस्तकं सबंध श्रीलंकेवरच असावीत, असं ते म्हणालेले दिसत नाहीत.

सार्वजनिक वाचनालयात मात्र हा हिशोब बदलतो. आपल्याकडच्या नगरवाचनालयांत बऱ्याच ठिकाणी कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास अशी ढोबळ मांडणी असते किंवा नुसत्या दाखल क्रमांकाने. तिथे श्रीलंका तुम्हाला राजदूतांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या आत्मचरित्रांत, राजीव गांधींच्या काळावरच्या पुस्तकांत आणि प्रवासवर्णनांत भेटेल. संगणकापेक्षा तिथल्या जुन्या कर्मचाऱ्याला विचारा. पंचवीस वर्षं देवघेवीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला कुठल्या पुस्तकात काय आहे ते कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आठवत असतं. सभासद नसाल तर अनामत आणि मासिक वर्गणी फार नसते, आणि संदर्भ विभागात बसून वाचायला कॉलेजचं ओळखपत्र बहुतेक ठिकाणी पुरतं.

आता प्रश्नाकडे. मी प्रश्न आधी ठरवून मग लायब्ररीत जा असं सांगत नाही. पुस्तकांत तसं लिहितात, पण सहा आठवड्यांत आणि तालुक्याच्या ठिकाणी ते जमत नाही. तीन-चार दिवस रॅक धुंडाळा, काय हाती लागतंय ते बघा, आणि ज्याला तुमच्या आवाक्यात साधनं आहेत असा प्रश्न निवडा. राज्यशास्त्राच्या मुलीला मला तीन प्रश्न सुचतात. १९६४च्या करारात चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या सव्वापाच लाख लोकांना भारताने आणि तीन लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यायचं ठरलं, दीड लाखांचा निर्णय पुढे ढकलला. त्या लोकांना कुणी विचारलं होतं का? हा झाला एक. दुसरा २०२२च्या संकटाचा: एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली, जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, तो दोष चीनच्या कर्जाचा की घरच्या निर्णयांचा? तिसरा १९८७चा: भारत-श्रीलंका करारातून प्रांतिक परिषदा आल्या, तरी तमिळ प्रश्न का सुटला नाही?

तुमच्या जागी मी असते तर तिसरा घेतला असता, आणि त्याचं कारण सातारा आहे.

२९ जुलै १९८७ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ही बातमी ३१ जुलैच्या सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आहे. नगरवाचनालयात जुन्या दैनिकांचे बांधीव अंक ठेवले असतील तर जुलै-ऑगस्ट १९८७चा गठ्ठा मागा. धूळ असते, पानं कडेने तुटतात, म्हणून हळू उलटा आणि झेरॉक्सचा आग्रह धरू नका. परवानगी घेऊन मोबाइलने फोटो काढा, फोटोत वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख आली पाहिजे. मग मार्च १९९०चा गठ्ठा, तेव्हा करारानंतर भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेची शेवटची तुकडी परतली. या दोन टोकांच्या अग्रलेखांतली भाषा शेजारी शेजारी ठेवून बघा. आधी काय वाटत होतं आणि नंतर काय उरलं, ते तुम्हाला कुठल्याही गाइडपेक्षा स्वच्छ दिसेल. कॉलेजात 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' किंवा 'फ्रंटलाइन'चे त्या वर्षांचे बांधीव अंक असतील तर सोन्याहून पिवळं.

दुसरं कारण माणसं. शांतिसेनेत मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या. हजाराहून जास्त भारतीय जवान तिकडे गेले ते परतले नाहीत. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घराघरात फौजी. उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात उतरलेला एखादा निवृत्त हवालदार तुमच्या ओळखीच्या ओळखीत निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, माजी सैनिकांच्या संघटनेत विचारा. भेटायला जाताना आधी दोन पुस्तकं वाचून जा, नाहीतर "कसं वाटलं?" यापलीकडे प्रश्न सुचणार नाही. बोलणं रेकॉर्ड करू का, नाव छापू का, हे आधी विचारा. ते नको म्हणाले तर 'एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव तालुका' एवढंच लिहा, आणि मुलाखतीची तारीख द्या. एक पथ्य पाळा: त्यांनी सांगितलेली तारीख किंवा आकडा पुस्तकाशी ताडून बघा. आठवणीत वर्षं सरकतात. पण तिथली उष्णता, न कळणारी भाषा, ज्यांच्या रक्षणाला गेलो तेच गोळ्या घालतात हे कळल्याचा दिवस, या गोष्टी पुस्तकांत कमी असतात.

याच ठिकाणी एक सावधगिरी. हाताशी असलेली साधनं सगळी भारतीय असतील तर प्रकल्पही भारतीय बाजूचाच होईल. प्रत्येक पुस्तक उघडताना लेखक कोण ते बघा: भारतीय मुत्सद्दी, सिंहली इतिहासकार, तमिळ प्राध्यापक की युरोपातला संशोधक. चारांपैकी निदान तिघांचं म्हणणं यायला हवं. तमिळ बाजूची कागदपत्रं मिळायला अवघड, आणि त्याचं एक कारण आम्हा ग्रंथालयातल्या लोकांच्या काळजाला लागलेलं आहे. ३१ मे १९८१च्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि हस्तलिखितं गेली, त्यातल्या कित्येकांची दुसरी प्रतच नव्हती. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत भिजलेल्या पुस्तकांचे ढीग मी पाहिले, तेव्हा मला जाफना आठवलं होतं. सांगलीत पाणी आलं होतं, जाफन्यात माणसं आली होती. तुमच्या प्रकल्पात या घटनेला एक परिच्छेद दिलात तर विषयाला सोडून होणार नाही. तमिळ तरुण सरकारवरचा विश्वास का गमावून बसले याचा धागा तिथून जातो.

इंटरनेटवरचं आता भराभर सांगते. एन-लिस्ट असेल तर ग्रंथपालांकडून युजरनेम-पासवर्ड घ्या. त्यातून नियतकालिकांतले शोधनिबंध उघडतात. नसेल तर जेस्टोर या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर स्वतःचं मोफत खातं काढा, दर महिन्याला ठराविक संख्येने लेख ऑनलाइन वाचता येतात. शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. भारत-श्रीलंका संबंधांवर तिथे भरपूर काम आहे, दक्षिणेकडच्या विद्यापीठांतून विशेष. प्रबंध सगळा वाचू नका, त्याची शेवटची संदर्भसूची वाचा. चार वर्षं राबून कुणीतरी तुमच्यासाठी यादी करून ठेवली आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने देशादेशांची अभ्यासपुस्तकं काढली होती, श्रीलंकेचंही आहे, फुकट वाचता येतं. ते १९८०च्या दशकाच्या अखेरीचं आहे, म्हणजे आजच्या आकड्यांसाठी निरुपयोगी, पण १९८७च्या प्रश्नाला नेमकं त्या काळातलं. जुनं पुस्तक म्हणजे टाकाऊ पुस्तक असं नसतं. तुम्ही नाक मुरडलेलं ते 'फार जुनं' पुस्तकसुद्धा परत उघडून बघा.

आकडे घ्यायचे तर श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेचे अहवाल, तिथल्या जनगणना व सांख्यिकी खात्याची जनगणना आणि जागतिक बँकेची आकडेवारी, एवढ्यावर भागतं. पण आकड्याखालची बारीक टीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. दोन उदाहरणं देते. २००१ची श्रीलंकेची जनगणना युद्धामुळे पंचवीसपैकी फक्त अठरा जिल्ह्यांत पूर्ण होऊ शकली. जे जिल्हे राहिले ते उत्तर आणि पूर्वेकडचे, म्हणजे नेमके तमिळ भागातले. त्या वर्षाचा तमिळ लोकसंख्येचा आकडा १९८१शी तुलना करायला घेतलात की लाखो माणसं कागदावर गायब होतात. २०१२ची जनगणना घ्या. तिच्यात श्रीलंकन तमिळ सुमारे ११ टक्के आणि मळ्यांतले भारतीय तमिळ सुमारे ४ टक्के असे वेगळे रकाने आहेत, आणि ते वेगळेच ठेवा. १९८७चा करार प्रामुख्याने पहिल्यांबद्दल होता आणि १९६४चा दुसऱ्यांबद्दल. या दोघांची खिचडी झालेले प्रकल्प मी किती पाहिलेत, विचारू नका.

दुसरं उदाहरण चीनच्या कर्जाचं. एका ठिकाणी श्रीलंकेच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा १० टक्के दिसेल, दुसऱ्या ठिकाणी २०च्या आसपास. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, खरं कुठलं?" दोन्ही. एकात सरकारने थेट घेतलेलं कर्ज तेवढं धरलंय, दुसऱ्यात सरकारी कंपन्यांनी घेतलेलंही. आणि दोन्ही हिशोबांत सगळ्यात मोठा वाटा निघतो तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा. असं एखादं जोडवाक्य तुमच्या प्रकल्पात दिसलं की परीक्षकाला कळतं, मुलीने टीप वाचली आहे.

एआयच्या यादीबद्दल. ती पुस्तकं तुम्हाला सापडत नाहीत, कारण त्यातली काही बहुधा अस्तित्वातच नसतील. अशा याद्यांत लेखक खरा असतो, प्रकाशक खरा असतो, नावही पटण्याजोगं असतं, आणि तसं पुस्तक कुणी लिहिलेलं नसतं. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या मुलासाठी अशाच यादीतलं एक पुस्तक मी तीन लायब्ररीत फोन करून शोधलं, आणि मग स्वतःवरच चिडले. पुस्तक आहे की नाही हे पाहायला वर्ल्डकॅटवर (जगभरातल्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची) किंवा मोठ्या विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचीत नाव टाका. दोन्हीकडे नसेल तर यादीतून काढा. शब्द सुचवायला, इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला एआय वापरायला माझी हरकत नाही. पण हातात न घेतलेलं पुस्तक संदर्भसूचीत घालायचं नाही; हा नियम एआयच्या आधीपासूनचा आहे, कारण मित्राच्या प्रकल्पातली सूची जशीच्या तशी उतरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

पुण्याला राहायची गरज नाही. आधी कोल्हापूर. तुमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असेल, तर विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय तुमचंही आहे. सकाळची एसटी पकडून संध्याकाळी परत येता येतं. कॉलेजच्या ग्रंथपालांकडून शिक्क्याचं पत्र घ्या, ओळखपत्र घ्या, आदल्या दिवशी फोन करून वेळा आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नियम विचारा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका: घरी बसून त्यांच्या ऑनलाइन सूचीतून आठ-दहा पुस्तकांचे वर्गांक कागदावर लिहून न्या. यादी नसेल तर अख्खा दिवस इमारत बघण्यात जातो. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय अर्थशास्त्रासाठी नावाजलेलं आहे. तुम्ही २०२२चा प्रश्न निवडलात तरच तिथे जायचा विचार करा. आणखी एक रस्ता फार कुणी वापरत नाही: आंतरग्रंथालयीन देवघेव. तुमचे ग्रंथपाल शेजारच्या कॉलेजाकडून पुस्तक मागवू शकतात. त्यांच्यामागे लागा. "अमुक पुस्तक अमुक कॉलेजात आहे, मागवता का?" असं नेमकं विचारलंत तर नाही म्हणणारा ग्रंथपाल विरळा, "श्रीलंकेवर काहीतरी मागवा" म्हणालात तर कुणीही उद्यावर ढकलेल.

वेळेचं ढोबळ गणित असं ठेवा. पहिला आठवडा विश्वकोश, शब्दांची वही आणि रॅक. दुसऱ्याच्या सुरुवातीला प्रश्न ठरवून सरांची मान्यता. तिसऱ्यापर्यंत कोल्हापूर, बांधीव अंक आणि एन-लिस्ट उरकलेलं. चौथ्यात मुलाखत. पाचवा आणि सहावा लिहायला आणि टायपिंगच्या चुका काढायला. टायपिंगवाला शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, सगळ्या कॉलेजांची मुदत एकदमच असते. मोबाइलवर स्वतः टाइप करायची सवय असेल तर उत्तम.

वाचताना प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नाही, आतल्या शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढा. लेखकाचं पूर्ण नाव, प्रकाशक, ठिकाण, साल, आवृत्ती हे सगळं तिथे असतं. आणि टिपणाशेजारी पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. "नंतर बघू" म्हणालात की पुस्तक दुसऱ्याच्या नावावर इश्यू झालेलं असतं.

राहिला विकिपीडिया. सर नको म्हणाले ते संदर्भसूचीत नको म्हणाले. १९८७च्या कराराचं पान उघडा, मजकूर सोडून द्या आणि थेट खाली तळटिपांकडे जा. तिथे पुस्तकांची, अहवालांची, वर्तमानपत्रांची नावं सालासकट दिलेली असतात. ती वहीत उतरवा आणि मूळ पुस्तक शोधायला रॅककडे जा. तिथे ते तुम्हाला बहुतेक ३२७च्या रांगेत मिळेल. नाही मिळालं, तर इथेच पुस्तकाचं नाव आणि साल लिहून विचारा. साताऱ्यात कुठे असेल ते मी सांगायचा प्रयत्न करीन.